म्हापशाची डिस्क

मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला ती संध्याकाळ मला अजून मिनिटामिनिटाने आठवते. लाईट दोनदा जाऊन आली होती, आता कॉम्प्युटर बंद केलेला बरा म्हणून मी उठलो, आतल्या खोलीच्या दारापर्यंत पोचलो असेन नसेन तोच असा आवाज झाला की आई देवघरातून ओरडली, सगळं घर क्षणभर पांढरंफटक आणि मग काळोख. काळोखात आधी आला तो वास. जळक्या प्लॅस्टिकचा, गोडसर, घशात बसणारा. टॉर्च मारून बघितलं तर स्पाईक गार्डचं लाल बटण वितळून खाली ओघळलं होतं. कॉम्प्युटर गेला हे तेव्हाच कळलं, पण खरं सांगतो, मला त्याचं तितकं वाटलं नाही, कारण बाजूलाच एक्स्टर्नल हार्ड डिस्क होती आणि दर रविवारी मी तिच्यावर सगळं कॉपी करत होतो, चार वर्षं, न चुकता. ती डिस्क त्याच स्पाईक गार्डला लावलेली होती हे लक्षात यायला मला दहा मिनिटं लागली, आणि लक्षात आल्यावर मी तिथेच जमिनीवर बसलो.

त्या डिस्कवर माझे पगाराचे कागद, मुलीचे लहानपणापासूनचे फोटो, बायकोच्या डीटीपीच्या फाईली असं सगळं होतंच, पण मुख्य म्हणजे अण्णांची नाटकं होती. आमच्या बांदोड्यात काय, सगळ्या फोंडा तालुक्यातच, देवळाची जत्रा म्हटली की रात्री नाटक आलंच, आणि नाटक म्हणजे मराठी नाटक, कधी बाहेरून कंपनी येते, पण नाही आली तर वाड्यावरचीच मुलं तोंडाला रंग लावून उभी राहतात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीस-बत्तीस वर्षं ही नाटकं बसवली. त्यांच्या प्रॉम्प्टिंगच्या वह्या आहेत, लाल पेन्सिलीने खुणा केलेल्या, कुठे ऑर्गनची पट्टी लिहिलेली, कुठे ‘इथे तलवार विसरायची नाही’. काही प्रयोगांच्या व्हिडिओ कॅसेटी होत्या. त्या कॅसेटींना आमच्या हवेत पांढरी बुरशी धरली, दर पावसाळ्यानंतर थोडी जास्त, म्हणून मी त्या सगळ्या एकदाच्या डिजिटल करून घेतल्या, १४ प्रयोग, आणि मूळ कॅसेटी टाकून दिल्या. आता कॉम्प्युटरवर आहे ना सगळं, असं मीच म्हणालो होतो.

डेटा रिकव्हरीवाल्याने दोन महिने डिस्क ठेवून घेतली आणि मग हात टेकले. म्हापशाला माझी बहीण असते, तिच्याकडे मी कधीतरी दिलेला एक पेनड्राईव्ह निघाला, त्यात वह्यांचं टाईप केलेलं मटेरियल आणि ५ प्रयोग मिळाले. बाकीचे ९ गेले. अण्णा ८१ वर्षांचे आहेत, त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘म्हापशाचं राहिलं ना?’

त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढे समजला, आणि तो नुसता वाचून कळला असता त्यापेक्षा बराच जास्त समजला. अण्णांनी स्वतः लिहिलेलं एकच नाटक आहे, १६८३ साली संभाजीराजांनी गोव्यावर केलेल्या स्वारीवरचं, आणि ते लिहिताना ते पणजीला पुराभिलेखात, म्हणजे पोर्तुगीज काळापासूनच्या जुन्या सरकारी दफ्तरात, जायचे. या दफ्तराचा पहिला मोठा रखवालदार म्हणजे पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो, त्याला १५९५ मध्ये नेमलं, आणि आपल्या काळात पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं, त्यातनं मराठ्यांचा केवढा इतिहास बाहेर काढला. अण्णांनी मला सांगितलेली गोष्ट ही की गोव्याहून लिस्बनला महत्त्वाचं पत्र जायचं ते एक कधीच जायचं नाही. त्याच पत्राच्या दोन-तीन प्रती करायच्या, प्रत्येकीवर पहिली वाट, दुसरी वाट, तिसरी वाट असं लिहायचं आणि प्रत्येक प्रत वेगळ्या जहाजातनं पाठवायची, कारण जहाजं बुडायची, लुटली जायची, आणि वारा फिरला की पुढच्या मोसमापर्यंत थांबणं आलं. या पत्रव्यवहाराच्या बांधलेल्या खंडांना नावच मुळी मॉन्सूनची पुस्तकं. आणि ज्याने हे दफ्तर लावलं त्या कोउतोचं स्वतःचं काय झालं, तर तो लिहीत होता त्या इतिहासाचे आठवा नि नववा हे दोन खंड आजारपणात त्याच्या घरातनंच चोरीला गेले. म्हाताऱ्या माणसाने आठवून आठवून ते थोडक्यात परत लिहिले. अण्णा हे सांगताना दरवेळी थांबतात, ‘थोडक्यात’ या शब्दावर.

आज बॅकअपबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या पानावर ३-२-१ चा नियम असतो, पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकांपर्यंत नेला. डेटाच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ घराबाहेर. माझ्याकडे प्रती दोन होत्या, पण जहाज एकच होतं.

तर त्या पावसाळ्यात मी सॉफ्टवेअर शोधायला बसलो. घरात तेव्हा तीन मशिनं, बायकोचा विंडोजचा लॅपटॉप, माझा नवा घेतलेला विंडोजचाच, आणि मुलगी पुण्याला शिकते तिचा मॅक, तो फक्त सुट्टीत घरी येणारा. एक वही केली, आडव्या-उभ्या रेघा मारल्या, कोणतं सॉफ्टवेअर काय करतं, फुकट का विकत, एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असं कुलूप, आहे का, क्लाऊडला जातं का. रात्री एक-एक वाजेपर्यंत हे चालायचं. सात-आठ नावं झाली तरी ठरेना, कारण प्रत्येकात काहीतरी चांगलं होतंच. शेवटी एका रात्री बायको पाणी प्यायला उठली, वहीवर वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘अहो, तुम्ही कामाच्या साईटवर असताना मला एखादी फाईल परत पाहिजे झाली तर यातलं मी कुठलं उघडायचं?’

मी महिन्यातले दहा-बारा दिवस घरी नसतो. आणि माझ्या वहीत हा रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी नवीन पान काढलं आणि सगळ्या नावांना तोच एक प्रश्न विचारत गेलो, फाईल परत कोण काढणार आणि कशी. आणि सांगतो, अर्ध्या गोष्टी आपोआप गळून पडल्या. मी जी रविवारची कॉपी करत होतो ती तर गळलीच, कारण ती माझ्या आठवणीवर चालायची, आणि तिच्यात कालची फाईल आजच्या फाईलवर जाऊन बसायची, म्हणजे चूक झालेली आठवड्याभराने कळली तर बरोबर असलेली प्रत तोपर्यंत पुसलेली. रोबोकॉपी म्हणून विंडोजमध्येच एक कमांड असते, चांगली मजबूत आहे, पण तिला मिरर करायला सांगितलं की इकडे डिलीट केलेलं ती तिकडूनही डिलीट करते. सिंकथिंगसारख्या सिंक करणाऱ्या गोष्टींचंही तेच, त्यांचं कामच मुळी दोन्हीकडे सारखं ठेवणं, चूकसुद्धा सारखी. रेड (RAID) लावून, म्हणजे दोन डिस्कवर तेच एकदम लिहिलं जाईल असं करून, त्या आरशासारख्या जोडल्या तरी एक डिस्क मेली तर मशीन चालू राहतं एवढंच, वीज दोन्हींवर एकदमच पडते. मला हव्या होत्या जुन्या आवृत्त्या, कालची, परवाची, मागच्या महिन्यातली, आणि त्या उघडायला सोप्या.

विंडोजमधली फाईल हिस्टरी खरंच सोपी आहे, विंडोज ८ पासून आहे, पण ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स अशा ठरलेल्या फोल्डरांकडेच बघते, आणि आमच्या घरात कामाचं सगळं डी ड्राईव्हवर. ते तिला सांगावं लागतं, सांगायला विसरलं की विसरलं. बोर्ग हे बॅकअप सॉफ्टवेअर लिनक्सवाल्यांचं, म्हणजे विंडोजऐवजी ती फुकट ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांचं, फार आवडतं, पण ते विंडोजवर सरळ चालत नाही. रेस्टिक मला फार म्हणजे फार आवडलं. एकच छोटी फाईल, इन्स्टॉल वगैरे भानगड नाही. ते प्रत्येक फाईलचे तुकडे करतं, तुकड्याच्या मजकुरावरूनच त्याची खूण ठरवतं आणि तोच तुकडा आधी आलेला असला तर परत साठवत नाही. म्हणजे दोन तासांच्या नाटकाच्या रेकॉर्डिंगचं तुम्ही फोल्डर बदललंत, नाव बदललंत, तरी जागा नवी लागत नाही, आणि तरीही प्रत्येक दिवसाचा बॅकअप पूर्ण असल्यासारखा दिसतो. सगळं एन्क्रिप्टेड, ठेवलेला पासवर्ड दिल्याशिवाय उघडतच नाही. पण सगळं कमांडवर. मी बायकोला एकदा दाखवलं, तिने शांतपणे बघितलं आणि म्हणाली छान आहे, आणि मला कळलं की ती हे माझ्या मागे करणार नाही, आणि तिने का करावं.

असं करत करत मी अरबॅकअपवर आलो. हेही फुकट, ओपन सोर्स. त्यात एक सर्व्हर असतो, म्हणजे सगळ्यांच्या प्रती साठवणारा कॉम्प्युटर, आणि बाकीच्या कॉम्प्युटरांवर एक छोटा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम, टाकायचा, घरच्या नेटवर्कवर सर्व्हर आणि क्लायंट एकमेकांना आपोआप शोधतात, आणि मग दर काही तासांनी सर्व्हरच स्वतःहून नवीन बदललेल्या फाईली ओढून घेतो, उघड्या असलेल्यासुद्धा. कोणाला काही आठवायला नको. आणि जे मला सगळ्यात पटलं ते म्हणजे फाईली तिथे साध्या फाईलींसारख्याच पडलेल्या असतात, तारखेच्या फोल्डरात. उद्या ते सॉफ्टवेअरच बंद पडलं तरी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून उघडता येईल. बायकोने करायचं काय, तर खालच्या पट्टीवरच्या आयकॉनवर राईट क्लिक, ब्राऊझरमध्ये तारखा दिसतात, तारीख निवडा, फाईल निवडा, डाऊनलोड.

सर्व्हरने ओढून घेणं का महत्त्वाचं, तर मे २०१७ मधलं वॉनाक्राय आठवा. एका मशिनात शिरलं की ते नेटवर्कवरून शेजारच्या मशिनात जायचं आणि दिसतील त्या फाईली कुलूपबंद करून पैसे मागायचं, दीडशेच्या आसपास देशांत ते पोचलं होतं. बॅकअपचा फोल्डर जर नेटवर्कवर लॅपटॉपला लिहायला मोकळा असेल तर असला व्हायरस आधी तोच खाणार. आमच्या लॅपटॉपांना सर्व्हरची डिस्क दिसतच नाही. एक कमी मात्र आहे, या साध्या फाईली एन्क्रिप्टेड नसतात, म्हणून सर्व्हरची अख्खी डिस्क मी लिनक्समध्येच एन्क्रिप्ट करून घेतली, सुरू करताना एकदा पासवर्ड.

सर्व्हर म्हणजे एका मित्राने टाकायला काढलेला कॉम्प्युटर, त्यात डेबियन नावाचं लिनक्स आणि ४ टीबीची एक नवी डिस्क. मुलीच्या मॅकला त्यातच टाईम मशीनसाठी जागा करून दिली, मॅकमधलं ॲपलचं हे बॅकअप सॉफ्टवेअर २००७ पासून आहे आणि तिला तेच सवयीचं, मी त्यात ढवळाढवळ केली नाही.

आता भिंतींचं सांगायलाच पाहिजे. आमचं घर आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याच्या जाड भिंती, उन्हाळ्यात घर थंड असतं पण वायफाय एका भिंतीपलीकडे धापा टाकतं आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे मेलेलंच. पहिला बॅकअप ३८० जीबीचा होता आणि बायकोच्या खोलीतनं सेकंदाला जेमतेम ३ एमबी जात होते, हिशोब केला तर ३५ तास. म्हणून केबल टाकायचं ठरवलं. चिऱ्यात ड्रिल घातलं की आधी वरचा गिलावा पांढरा पडतो आणि मग एकदम तांबडी माती यायला लागते, ओलसर, पावसाळ्यातल्या वासाची, हातभर लांब बिट लागलं आणि खाली वाटीभर तांबडी पूड जमली. आईने ती झाडून तुळशीत टाकली. त्या भोकातनं गिगाबिटची केबल गेली आणि तोच ३८० जीबीचा बॅकअप दोन तासांच्या आत संपला. लोक सॉफ्टवेअरवर भांडत बसतात, पण घरच्या बॅकअपमध्ये केबल टाकल्याने जेवढा फरक पडतो तेवढा कशानेच पडत नाही असं माझं ठाम मत झालंय. सर्व्हर आता देवघराच्या मागच्या खोलीत, कॉम्प्युटरांपासून लांब, यूपीएसवर आणि वेगळ्या अर्थिंगवर आहे. पण विजेपुढे यूपीएस काय आणि अर्थिंग काय, म्हणून तिसरी प्रत.

तिसरी प्रत म्हणजे म्हापशाची डिस्क, आणि तिथे रेस्टिक वापरलंय. डिस्क दोन आहेत, एक इथे, एक बहिणीकडे, महिन्यातनं एकदा मी अदलाबदल करतो. आधी सांखळीच्या आतेभावाकडे ठेवावी असं मनात होतं, त्याचं घर मोठं आहे, पण जुलै २०२१ मध्ये सत्तरी-डिचोलीत जो पूर आला तेव्हा त्याच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. बहिणीचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. डिस्क हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी, निळी असते ती गुलाबी झाली की बहीण मला फोटो पाठवते आणि मी नवीन नेतो. डिस्क कोणी पळवली तरी पासवर्डशिवाय तिच्यातनं काही निघणार नाही, पण हेच उलट बाजूने बघितलं तर पासवर्ड हरवला की आपल्यालाही निघणार नाही, कुठलीही कंपनी, कुठलाही हुशार माणूस ते उघडून देऊ शकत नाही. म्हणून पासवर्ड कागदावर लिहिलाय, मोठ्या अक्षरात, एक कागद घरच्या लोखंडी कपाटात जमिनीच्या कागदांसोबत, एक मुलीकडे पुण्याला. डिस्कसोबत नाही. त्याच कागदावर कमांडही लिहिल्यात, जशाच्या तशा, आणि मुलीने दिवाळीच्या सुट्टीत त्या एकदा स्वतः चालवून बघितल्या.

चालवून बघणं का, तर याबाबतीत मोठमोठे सुद्धा फसलेत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचं काम साठवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनीअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस डिलीट केला, आणि मग लक्षात आलं की बॅकअपच्या ज्या ज्या पद्धती लावलेल्या होत्या त्यातली एकही नीट उपयोगी पडत नाहीये. सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती म्हणून वाचले, तरी सहा तासांचा डेटा गेलाच. त्यांनी ते सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना लोकांना लाईव्ह दाखवलं, मला त्याचा फार आदर वाटतो.

तर आमच्याकडे तालीम झाली एका रविवारी. मी मुद्दाम ओसरीवर बसलो, आत जायचं नाही असं ठरवून. बायकोने अण्णांच्या नाटकाची फाईल लॅपटॉपवरून खरोखर डिलीट केली, रिसायकल बिनमधूनही, आणि मग कागदावर लिहिल्याप्रमाणे राईट क्लिक, तारीख, फाईल. पाच मिनिटं पण लागली नाहीत. मला आतनं ‘आली!’ असं ऐकू आलं आणि मग एकदम शांतता.

फाईल उघडली होती पण त्यात मराठीच नव्हतं. इंग्रजी अक्षरं, मधे डॉलरची चिन्हं, कंस, स्वल्पविराम, चाळीस पानं तसलीच. नाटक टाईप केलं तेव्हा युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशी पद्धत, आमच्या घरात आलं नव्हतं, जुन्या डीटीपीचा फॉन्ट होता, त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागीच मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं, आणि तो फॉन्ट विजेने गेलेल्या कॉम्प्युटरात राहिला. वर्डच्या फाईलीत फक्त फॉन्टचं नाव असतं. पेनड्राईव्ह आल्यापासून या फाईलीचा आकार बघून, तारीख बघून आम्ही समाधान मानलं होतं, उघडून कोणीच बघितली नव्हती.

फॉन्ट मिळाला, फोंड्यातल्या एका प्रेसवाल्याकडे, त्याच्या बंद पडत आलेल्या विंडोज एक्सपीच्या डब्यात. आता बॅकअपमध्ये फॉन्टचं फोल्डरही घातलंय, जुन्या सॉफ्टवेअरच्या सीडीसुद्धा कॉपी करून टाकल्यात. आणि बायकोने ते नाटक कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणलं. कन्व्हर्टर रफार आणि ऱ्हस्व इकार हटकून चुकवतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, म्हणून एकेक ओळ वाचणं आलं. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ती लॅपटॉप घेऊन अण्णांच्या खुर्चीजवळ बसायची, ती वाचणार आणि ते डोळे मिटून ऐकणार, चुकलं की बोट वर.

तिसऱ्या अंकात अण्णांनी बोट वर केलं आणि तसंच ठेवलं. म्हणाले इथे पान नाही. तिने वर-खाली बघितलं, वही आणून बघितली, वहीतलंच पान कधीतरी फाटून गेलेलं, टाईप करणाऱ्याने पुढचं पान लावून घेतलेलं. पोर्तुगीज व्हाईसरॉय राजदंड संत झेवियरच्या थडग्यावर नेऊन ठेवतो आणि शहर वाचवायची प्रार्थना करतो, त्याच्या नंतरचा प्रवेश. मी म्हटलं अण्णा, राहू दे, सारांश घालू. ते म्हणाले, ‘सारांश कशाला? लिही गं.’ आणि त्यांनी तो प्रवेश सांगितला, तिन्ही पात्रांचा, मधे दोनदा थांबले, एका ठिकाणी एक वाक्य मागे जाऊन बदललं. पाऊण तास लागला. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती, तिने एक शब्द दुरुस्त केला आणि अण्णांनी तो ऐकला.

सकाळी सर्व्हरचा लॉग बघितला. रात्री ११:४० चा बॅकअप, बायकोचा लॅपटॉप, बदललेल्या फाईली ३. पुढच्या रविवारी म्हापशाला जायचंय, सिलिका जेलची नवी पुडी आणून ठेवलीय.